स्मरण : रविवारची बैठक, क्रोनिन

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्याच जागी बैठक आहे. विषय ए. जे. क्रोनिन आणि त्यांची १९३७ सालची 'द सिटाडेल'. 'तेरे मेरे सपने' ज्या कादंबरीवर बेतला, तीच ही. सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक न वाचता येऊ नका, मागच्या वेळी तसंच झालं होतं!

क्रोनिन मुळात डॉक्टर. वेल्समधल्या ट्रेडेगरच्या खाणगावात त्यांनी नोकरी केली, पुढे लंडनमध्ये दवाखाना थाटला. पोटाच्या अल्सरमुळे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली आणि त्या रिकामपणात पहिली कादंबरी लिहून झाली. ती १९३१ मध्ये छापून आली, मग दवाखाना सुटला तो सुटलाच. श्रीमंत रुग्णांना निरुपयोगी इंजेक्शनं टोचून पैसे उकळणाऱ्या डॉक्टरांवर त्यांनी जे लिहिलं, ते त्यांच्याच व्यवसायातल्या अनेकांना झोंबलं.

गटाराचा प्रसंग तेवढा नीट वाचून या. गावात टायफॉइड, अधिकारी ढिम्म, म्हणून दोन डॉक्टर रात्री कोकोच्या रिकाम्या डब्यांत सुरुंगाची दारू भरून फुटकं गटारच उडवून देतात. हे बरोबर की चूक, यावर वाद होणार हे नक्की. उत्तरार्ध मला थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो, पण ते तिथेच बोलू.

ग्रंथालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती शुक्रवारपर्यंत पुढच्याला द्यावी. दोघे जण थांबलेत.

– कार्यवाह