जिल्ह्याएवढ्या देशाचा स्टॉपर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका वाचकाने भारतीय फुटबॉलच्या अवस्थेवर लिहिताना ‘आपल्या सातारा जिल्ह्याएवढ्या लेबननकडूनही आपण हरतो’ असा उद्वेग व्यक्त केला होता. ही तुलना त्यांनी उपहासाने केली असली तरी भूगोलाच्या दृष्टीने ती आश्चर्य वाटावे इतकी अचूक आहे. लेबननचे क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर आहे आणि आपल्या जिल्ह्याचे 10,480. लोकसंख्येत मात्र तो देश आपल्या पुढे आहे. 2011 च्या जनगणनेत आपण तीस लाख होतो आणि निर्वासित धरून ते पन्नास लाखांच्या वर आहेत. पत्रलेखकांना या तुलनेने लाज वाटली. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून उभी हयात घालवलेल्या मला मात्र, एवढ्याशा प्रदेशातून युरोपात नाव काढणारे बचावपटू कसे तयार होतात, याचे कुतूहल वाटले आणि त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

ज्या पराभवाचा त्यांनी उल्लेख केला तो 10 सप्टेंबर 2023 रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे किंग्ज कपच्या तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यातला. एकमेव गोल 77 व्या मिनिटाला झाला आणि तो करणारा कासिम अल झैन हा आघाडीचा खेळाडू नव्हता. नेजमेह या बैरूतच्या क्लबकडून खेळलेला, तिशी ओलांडलेला तो बचावपटू, आमच्या मैदानी भाषेत ‘स्टॉपर’. त्या वर्षी भारत आणि लेबनन चार वेळा समोरासमोर आले. भुवनेश्वरच्या इंटरकॉन्टिनेन्टल कपमध्ये साखळी सामना 0-0 सुटला आणि अंतिम सामना छेत्री व छांगटे यांच्या गोलांमुळे आपण 2-0 असा जिंकला. बंगळुरूच्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेतील उपांत्य सामन्यात 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआऊटवर आपण 4-2 असे पुढे गेलो. चौथा सामना चिआंग माईचा. शूटआऊट वगळता 390 मिनिटांच्या खेळात दोन्ही संघांचे मिळून तीनच गोल झाले. यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे मला अजून उमगलेले नाही; दोन्हीकडच्या मागच्या फळीने चोख काम केले, एवढेच त्या आकड्यांवरून दिसते.

पण लेबननच्या बचावपटूची कारकीर्द म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर अल झैनच्या आधीच्या पिढीतील युसूफ मोहम्मदकडे पाहावे लागेल. त्याचा जन्म 1980 सालचा, बैरूतचा. 1975 ते 1990 असे पंधरा वर्षांचे यादवी युद्ध त्या देशाने भोगले, त्यामुळे त्याचे बालपण त्यातच गेले. पुढे बैरूतच्या ऑलिम्पिक क्लबमधून तो 2004 साली जर्मनीच्या फ्रायबुर्ग संघात दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात तो संघ गुणतक्त्यात तळाला जाऊन बुंडेसलिगा या जर्मनीच्या प्रथम श्रेणीच्या लीगबाहेर पडला. परदेशात पाय ठेवताच संघ द्वितीय श्रेणीत गेला म्हटल्यावर दुसरा एखादा घरी परतला असता, पण हा तिथेच टिकला आणि 2007 मध्ये कोलोन संघाकडे गेला. त्याच वर्षी त्याचा देशबांधव रोदा अंतारही फ्रायबुर्गहून कोलोनला आला. जावळी-पाटणचा एक माणूस मुंबईत माथाडी म्हणून लागला की पाठोपाठ गावातला दुसरा जातो, तसेच काहीसे हे झाले. 2008 मध्ये कोलोनने तिसऱ्या क्रमांकासह पुन्हा प्रथम श्रेणी गाठली आणि पुढील तीन हंगामांत अनुक्रमे बारावे, तेरावे आणि दहावे स्थान राखले. यादरम्यान मोहम्मद काही काळ त्या संघाचा कर्णधारही होता. कोलोनच्याच युवा संघातून पुढे आलेल्या लुकास पोडोल्स्कीसारखा जर्मन लोकांचा लाडका आघाडीवीर ज्या संघात होता, त्या संघाचे नेतृत्व जिल्ह्याएवढ्या देशातून आलेल्या एका स्टॉपरकडे दिले गेले, ही गोष्ट मला कोणत्याही चषकापेक्षा मोठी वाटते.

2011 साली तो दुबईच्या अल अहली क्लबकडे गेला. 2011-12 च्या हंगामात कोलोनने 75 गोल खाल्ले आणि तो संघ पुन्हा खालच्या श्रेणीत घसरला. एका माणसाच्या जाण्याने हे झाले असा दावा मी करणार नाही, कारण फुटबॉल इतका सोपा नाही. मात्र आघाडीवीर गेला तर गोल कमी होतात हे सगळ्यांना दिसते आणि बचावपटू गेला तर काय होते हे हंगाम संपल्यावर कळते.

त्याच वर्षी लेबननचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दक्षिण कोरियाकडून गोयांग येथे 0-6 असा चिरडला गेला होता. अडीच महिन्यांनी, 15 नोव्हेंबर 2011 रोजी, बैरूतमध्ये त्याच कोरियाला त्यांनी 2-1 असे हरवले आणि जर्मन प्रशिक्षक थेओ ब्युकर यांच्या मार्गदर्शनाखाली आशियातील अखेरच्या गटसाखळीपर्यंत मजल मारली. 2012 च्या सप्टेंबरमध्ये इराणलाही रोदा अंतारच्या एकमेव गोलावर नमवले. दुर्दैवाने 2013 मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात चोवीस खेळाडूंवर कारवाई झाली, त्यांतील दोघांवर आजीवन बंदी आली आणि ती बांधलेली घडी विस्कटली. हा डाग त्या पिढीच्या नावावर आहे आणि लेबननचे कौतुक करताना तो लपवणे योग्य होणार नाही.

अल झैनच्या वाट्याला आलेला काळ तर आणखी कठीण. दोन दशके एका डॉलरला सुमारे 1,500 लिरा (लेबननचे चलन) असलेला भाव 2019 च्या आर्थिक संकटानंतर कोसळत जाऊन 2023 मध्ये बाजारात एक लाखाच्या वर गेला. 2019-20 चा तिथला लीग हंगाम रद्दच करावा लागला आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरूतच्या बंदरातील स्फोटाने निम्मे शहर हादरले. लिरामध्ये पगार घेणाऱ्या खेळाडूच्या घरात या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे पगारावर जगणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. 2023 च्या ऑक्टोबरनंतर युद्धामुळे मायदेशात सामने खेळणेही अशक्य झाले आणि पॅलेस्टाइनविरुद्धची विश्वचषक पात्रता लढत त्यांना शारजात खेळावी लागली. कतारमधील आशिया चषकात 22 जानेवारी 2024 रोजी ताजिकिस्तानविरुद्ध 1-0 अशी आघाडी असताना 56 व्या मिनिटाला अल झैनला लाल कार्ड मिळाले, दहा जणांचा संघ अखेर 1-2 असा हरला आणि लेबननचे आव्हान तिथेच संपले. चिआंग माईतील नायक साडेचार महिन्यांत खलनायक ठरला. मागच्या फळीतल्या माणसाचे एरवी कोणी नाव घेत नाही आणि तो चुकला की पहिले नाव त्याचेच येते.

हा अन्याय आपल्याकडेही चालतो, म्हणून आता मूळ मुद्द्याकडे येतो. शालेय स्पर्धांच्या निमित्ताने मी पंचवीसहून अधिक वर्षे मुलांना घेऊन मैदानावर उभा राहिलो आहे. ‘उत्कृष्ट खेळाडू’ म्हणून बॅकवर खेळणाऱ्या मुलाला सन्मानचिन्ह मिळालेले मी दोनदाच पाहिले. कबड्डीत चढाईपटूइतकीच टाळी पकड करणाऱ्याला मिळते, कारण पकडीला गुण आहे. फुटबॉलमध्ये अडवलेल्या चेंडूला गुण नाही, आणि जे धावफलकावर येत नाही ते बातमीतही येत नाही. परिणामी आठवीतला उंच, शांत डोक्याचा, हेडरला न घाबरणारा मुलगा मला विचारतो, ‘सर, मला पुढे खेळवा ना’, आणि त्याचे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही.

पत्रलेखकांना माझी विनंती अशी की, लेबनन जिल्ह्याएवढा आहे हे त्यांनी अवश्य सांगावे, पण त्यासोबत त्या जिल्ह्याएवढ्या देशाच्या स्टॉपरने जर्मनीतील संघाचे कर्णधारपद भूषवले, हेही सांगावे. आणि आपल्याला विनंती अशी की, यंदाच्या जिल्हास्तरीय शालेय फुटबॉलच्या बातम्यांत गोल करणाऱ्यांच्या नावांसोबत, ज्या संघाने गोल खाल्ला नाही त्या संघाच्या गोलरक्षकाची आणि चारही बॅकची नावे छापावीत. त्यासाठी दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सदरबझार, सातारा