बुडबुडे थांबले म्हणजे बीअर तयार झाली असे नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत किट आणून घरच्या घरी कडक बेल्जियन बीअर कशी बनवावी, हे सांगणारा लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिला आहे आणि लेखकाला विषयाची गोडी आहे, हेही जाणवते. पण बुडबुडे येणे थांबले की बीअर तयार झाली समजावे आणि लगेच बाटल्यांत भरून बुचे घट्ट लावावीत, असे त्यात सांगितले आहे. हा सल्ला धोक्याचा आहे. तो दुरुस्त व्हायला हवा, आणि त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत व्हायला हवा.

मी हे कशाच्या जोरावर लिहिते ते आधी सांगते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात, प्रतिजैविके बनवणाऱ्या विभागात माझी सगळी नोकरी गेली. पोलादी टाकीतल्या सूक्ष्मजीवांना साखर द्यायची, हवा द्यायची, तापमान सांभाळायचे आणि आत काय चालले आहे ते नमुना काढून ओळखायचे, हे माझे काम. आता निवृत्त होऊन ऐरोलीत राहते. मुलगी आणि जावई बेल्जियममध्ये लूवेनला असतात. त्यांच्याकडे राहायला गेले होते तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी किटमधून 'ट्रिपल' या कडक बेल्जियन प्रकाराची बीअर करायला घेतली होती. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. माझा पूर्वीचा व्यवसाय कळल्यावर त्यांनी मला तळघरात बोलावले, आणि मग मी रोज सकाळी तिथे जाऊ लागले. विषय माझाच होता, फक्त भांडे लहान होते.

किट म्हणजे काय, हे लेखात बरे सांगितले आहे. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, काकवीसारखा घट्ट अर्क, त्यात हॉप्स या फुलांचा कडवटपणा आधीच उतरवलेला, आणि सोबत यीस्टची, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांची, पुडी. शेजाऱ्यांचा डबा दीड किलोचा होता. त्यात पाणी घालून जेमतेम नऊ लिटर करायचे, शिवाय वरून साखर घालायची. ही साखर कशासाठी, ते लेखात आलेले नाही, आणि बेल्जियन बीअरचे खरे मर्म तिथेच आहे. कडकपणा नुसत्या माल्टने वाढवत नेला तर पेय जड आणि चिकट होते. साखर मात्र यीस्ट पूर्ण संपवते, मागे काही ठेवत नाही. म्हणून बेल्जियममधल्या वेस्टमालच्या मठातल्या ट्रिपलमध्ये ९.५ टक्के आणि डूव्हेल या तिथल्याच बीअरमध्ये ८.५ टक्के मद्यार्क असूनही त्या जिभेवर हलक्या लागतात. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तोही यीस्टमुळे. त्यात केळे नसते, लवंगही नसते. एका पेशीच्या जिवाने एवढे करावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता बुडबुड्यांचे. आंबवण्याच्या भांड्याच्या झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी असते, तिच्यातून वायू बाहेर पडताना बुडबुडे दिसतात. ते थांबण्याची कारणे पुष्कळ असतात. झाकण कुठेतरी सैल असते आणि वायू तिकडून जातो. रात्री गारठा वाढतो आणि यीस्ट मंदावते. कडक बीअरमध्ये तर मद्यार्क वाढत जातो तसे यीस्ट थकते, शेवटची साखर फार सावकाश खाते. म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी काचेची तरंगती काडी, लागतो. काचेच्या उभ्या नळीत नमुना घ्यायचा आणि त्यात तो सोडायचा. रस जितका साखरेने जड, तितका हायड्रोमीटर वर तरंगतो. सुरुवातीला आमचे माप १.०७५ होते. बुडबुडे थांबले त्या दिवशी शेजाऱ्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, वाकून डोळा द्रवाच्या पातळीला आणला, चिकटलेले वायूचे थेंब झटकायला काडी एकदा फिरवली आणि पुन्हा वाचले. १.०१८. भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने आकडा आणि तारीख लिहिली आणि नळी धुवून ठेवली. दोन दिवसांनी १.०१५. पुढे १.०१२ वर आकडा आला. तिथे तो सलग काही दिवस हलला नाही, तेव्हाच त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या.

१.०१८ आणि १.०१२ हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण तो लिटरमागे बारा-तेरा ग्रॅम साखरेइतका आहे. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मुद्दाम जी साखर घालतात, ती लिटरमागे सहा ते नऊ ग्रॅम असते. म्हणजे बुडबुड्यांवर विसंबून त्या दिवशी बाटल्या भरल्या असत्या, तर ठरवून घालायच्या साखरेच्या दीडपट-दुप्पट साखर आधीच आत राहिली असती. साखर आंबते तेव्हा तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होतो. मोकळ्या भांड्यातून तो निघून जातो, बुचाच्या आत त्याला वाट नसते. नीट बनवलेल्या बेल्जियन बीअरच्या बाटलीतसुद्धा आपल्याकडच्या तापमानाला गाडीच्या चाकातल्या हवेपेक्षा जास्त दाब असतो. तिकडे जाड काचेच्या बाटल्या वापरतात, अनेकदा बुचावर तारेची जाळी बसवतात, ती याचसाठी. आपल्याकडे भंगारवाल्याकडून आणलेल्या पातळ बाटलीत हा प्रयोग झाला तर काय होते, ते मी पाहिले आहे. ओळखीच्या एका घरी, मे महिन्यात, पोटमाळ्यावर ठेवलेल्या बाटल्या एकामागून एक फुटल्या. घरात कोणी नव्हते म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बोटभर लांबीची काच माळ्याच्या प्लायवूडमध्ये आडवी रुतली होती आणि पक्कड लावल्याशिवाय ती निघत नव्हती. खाली त्या घरातल्या नातवाची गादी होती.

उन्हाळ्याचा उल्लेखही लेखात नाही. युरोपातले तळघर आणि ऐरोली-घणसोलीतली पश्चिमेकडची खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आंबताना रस स्वतःही तापतो, खोलीपेक्षा काही अंश वरच असतो. बेल्जियन यीस्ट इतरांपेक्षा उष्णता जास्त सोसते हे खरे, पण बहुतेक जातींना सुरुवात वीस अंशांच्या आसपास हवी असते. पस्तीस अंशांत जड मद्यार्क तयार होतात आणि चव झोंबरी लागते. आणि बीअर तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते, हे लेखातले म्हणणे तर या प्रकाराला मुळीच लागू नाही. आठ-नऊ टक्क्यांची बीअर बाटलीत काही महिने मुरावी लागते.

मला याहून मोठी खटकलेली गोष्ट म्हणजे महाराष्ट्रात हे करणे गुन्हा आहे, हे लेखात कुठेच नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, त्याच्या १२ व्या कलमाने मद्यनिर्मितीला मनाई केली आहे आणि बीअर मद्यातच मोडते. घरापुरती, स्वतःपुरती, विक्रीविना, अशी सवलत नाही. पिण्याचे परमिट असले तरी ते पिण्याचे आणि बाळगण्याचे, बनवण्याचे नाही. दारू बनवण्याच्या हेतूने साहित्य बाळगणेही याच कायद्याखाली येते. एखादा पंचविशीतला मुलगा आपला लेख वाचून किट मागवील, आणि शेजाऱ्याने तक्रार केली की राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक दारात उभे राहतील. त्याला आधी सावध करणे हे वृत्तपत्राचे काम होते. मी स्वतः इथे बीअर करत नाही, आणि कायदा आहे तोवर कोणी करू नये, असेच सांगेन.

पण कायदा असाच राहावा, असे मला वाटत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे ते दुसरे कारण.

त्या लेखावर आलेल्या दोन-तीन पत्रांत वाचकांनी मालवणीची आठवण काढली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या मृत्यूंचे भय बाळगावे, पण कारण नीट समजून घ्यावे. तिथे मिथेनॉल होते, कारखान्यात वापरतात ते, दारू म्हणून विकले गेलेले. माल्ट आणि साखर यीस्टने आंबवली तर जीव जाईल एवढे मिथेनॉल त्यात तयारच होत नाही. बीअर उकळून तिची वाफ धरण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा प्रश्नच येत नाही. दिवा-मुंब्र्याच्या खाडीत छापा पडतो तेव्हा पिंपांत गूळ-नवसागराचे रसायन आणि बाजूला भट्टी असते. माल्टचा डबा आणि भट्टी या दोन गोष्टींना कायदा एका मापाने मोजतो. त्यामुळे ज्याच्याकडून खरा धोका आहे तो आणि ज्याच्याकडून नाही तो, दोघेही सारखेच लपून राहतात. लपून केलेल्या कामात कोणी कोणाला हायड्रोमीटर वापरायला शिकवत नाही. पोटमाळ्यावरच्या त्या बाटल्या भरणाऱ्या मुलाने आधी कोणाला विचारले असते तर मी त्याला पाच मिनिटांत सांगितले असते. त्याने विचारले नाही, कारण विचारायची भीती.

इतर देश यातून गेले आहेत. इंग्लंडने घरगुती बीअरवरचा परवाना १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती बीअरला केंद्राची मोकळीक मिळाली, तीही मर्यादा घालून: एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघे किंवा जास्त असतील तर २००. राज्यांनी आपापल्या वेगाने मान्यता दिली, शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये आली. युरोपीय संघात विक्री नसेल तर घरच्या बीअरला करमाफी देण्याची सोय १९९२ पासून आहे. घरगुती ऊर्ध्वपातन मात्र अमेरिकेने तेव्हा मोकळे केले नाही. आंबवणे वेगळे आणि गाळणे वेगळे, ही रेघ कायद्यात स्पष्ट ओढता येते.

बेल्जियमचे उदाहरण तर विचार करण्यासारखे आहे. आज ज्या कडक बीअरचे कौतुक होते, तिला बळ एका बंदीतूनच मिळाले. १९१९ मध्ये तिथले न्यायमंत्री एमिल व्हँडरव्हेल्ड यांनी कायदा करून उपाहारगृहांतून आणि गुत्त्यांतून गाळलेल्या दारूची विक्री बंद केली. मजूर कुटुंबे जिनच्या व्यसनातून सुटावीत, हा त्यांचा हेतू होता आणि तो चांगला होता. पिणारे बीअरकडे वळले, कडक बीअरला मागणी आली, आणि वेस्टमालच्या मठाने १९३४ मध्ये आपली ट्रिपल काढली. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बीअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जिनसाठी एक नियम आणि बीअरसाठी दुसरा, असा भेद त्या सरकारने शंभर वर्षांपूर्वी केला होता. आपण द्राक्षांच्या वाईनला २००१ मध्ये धोरण आखून हात दिला, हॉटेलांतल्या छोट्या बीअर कारखान्यांना परवाने दिले. मग वर्षाला घरटी पन्नास लिटर, २५ वर्षांवरील व्यक्तीच्या नावे साधी ऑनलाइन नोंद, विक्री नाही, भट्टी नाही, एवढी सूट देण्यात अडचण काय आहे?

दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. आमच्या कारखान्यातल्या दोन चांगल्या कामगारांचे संसार माझ्या डोळ्यांदेखत मोडले. त्यांना घरी नऊ लिटर बीअर बनवून सहा महिने मुरत ठेवायची नव्हती. त्यांना पगाराच्या दिवशी गेटसमोर स्वस्तात मिळणारी हवी होती. दारूबंदीच्या कार्यकर्त्या भगिनींशी माझे भांडण नाही. त्यांनी आमच्यासारख्या तंत्रज्ञांना आपल्या बैठकीला बोलवावे, मी जाईन.

आपल्याला विनंती एवढीच. येत्या रविवारी खुलासा छापावा. त्यात कायद्याची स्थिती उत्पादन शुल्क विभागाच्या ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या अधिकाऱ्याला विचारून लिहावी, बुडबुड्यांचे विधान मागे घ्यावे, आणि कोणाकडे अशा भरलेल्या बाटल्या आधीच असतील तर काय करावे तेही सांगावे. ते मीच इथे सांगते: त्या माळ्यावरून उतरवताना जाड हातमोजे आणि डोळ्यांना चश्मा हवा, बाटल्यांवर गोधडी टाकून त्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवाव्यात, शक्य असेल तर फ्रिजमध्ये गार कराव्यात, आणि बूच एकदम न काढता हळूहळू सैल करून वायू सोडावा. लहान मुलांना त्या वेळी घरात ठेवू नये.

आपली,
एक निवृत्त किण्वन-तंत्रज्ञ
ऐरोली, नवी मुंबई