लेपाचा डोळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतला माशांवरचा लेख नातवाने मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘लेप हा मासा जन्मतःच दोन्ही डोळे एका बाजूला घेऊन येतो,’ असे त्यात छापले आहे. लेप म्हणजे समुद्राच्या तळाशी आडवा पडून राहणारा चपटा मासा. लेखातले हे विधान चूक आहे, आणि या माशाची खरी नवलाई नेमकी तिथेच हरवली.

एमएस्सीला असताना, १९८१च्या डिसेंबरात, आमची सहल गुजरातच्या किनाऱ्यावर ओख्याला गेली होती. बारीक जाळीत आलेले पाणी काचेच्या बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर तांदळाच्या दाण्याहून लहान, आरपार दिसणारे एक पिल्लू. डोळे दोन बाजूंना दोन. आतड्याचे वेटोळे पोटाखाली लोंबत होते आणि डोक्यावर पराचे दोन लांब काटे तुऱ्यासारखे उभे होते. हा लेप, हे आम्हाला कुणालाच ओळखता आले नाही. सरांनी अंगावरचे स्नायुखंड, म्हणजे स्नायूंचे ओळीने असलेले पट्टे, मोजायला लावले. रूप कितीही पालटले तरी ती संख्या कायम राहते आणि पुढे मणक्यांशी जुळते. भाकस या दुसऱ्या चपट्या माशाला मणके २४च, लेपाला त्याच्या दुपटीच्या आसपास.

पुढे लेपाचा उजवा डोळा डोके ओलांडून डावीकडे येतो आणि मासा तळाशी आडवा होतो. सोल या चपट्या माशांच्या कुळात उलट, डावा डोळा उजवीकडे जातो. भाकसात मात्र काहींचे डोळे डावीकडे, काहींचे उजवीकडे. सरकलेला डोळाही डोक्याच्या कडेवरच राहतो. म्हणूनच चपट्या माशांच्या गणात भाकसाला मूळ शाखेजवळ बसवतात. इटलीतल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तर वाढ पूर्ण होऊनही डोळा अर्ध्या वाटेवरच असलेले मासे सापडले आहेत. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मी निवृत्तीला आले होते. तरी तो वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवला.

बडोद्याच्या मुलांनी कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा अजस्र सांगाडा पाहिलेला असतो. हे इवलेसे पिल्लूही त्यांना दिसावे, असे मला फार वाटते. तेव्हा पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि सोबत चित्रही. ओख्याला काढलेल्या आकृत्यांची माझी जर्नल अजून जपलेली आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण पेन्सिलीच्या रेघा स्पष्ट आहेत. कुणाला पाठवलेत तर आनंदाने देईन.

आपली,
निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे