ढोराच्या डॉक्टरीणबाईंना, भुऱ्याच्या घरून

आदरणीय मॅडम,

सरकारी कागदावर तुम्ही पशुधन पर्यवेक्षक. गावात सगळे ढोराच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. आमच्या भुऱ्या कुत्र्याच्या आणि घरातल्या पिसवा तुम्ही घालवल्यात, त्याचे फोनवर आभार मानायला गेले तर "अहो, त्यात काय" म्हणून तुम्ही गाय पान्हवते का तेच विचारायला लागलात. म्हणून लिहूनच काढते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते.

तुम्ही आलात तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. वेचणी जोरात होती. भाव वाढेल या आशेनं यवतमाळ जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत असतो तसा आमचाही कापूस मधल्या खोलीत आढ्याला टेकला होता. भुऱ्याला आयतीच गादी. आणि घरात जो तो पाय खाजवत होता. लेकीला दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "घरात कापूस आहे ना? त्याचीच खाज," आणि मलम लिहून दिलं. आता कापसाची खाज आम्हाला काय नवी आहे? दरवर्षी येते. मानेला येते, हाताला येते, पोटाला येते. ही गुडघ्याच्या वर चढत नव्हती. पोरीच्या घोट्याभोवती लाल ठिपके, तीन इथं, चार तिथं, ओळीनं. एवढं सांगायला तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

मग कुत्र्याला घेऊन शहरातल्या खासगी डॉक्टरकडं गेलो. भिंतीवर मोठमोठ्या विलायती कुत्र्यांचे फोटो. त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं, "गावठी आहे ना?" म्हटलं, आणि एक शाम्पू दिला. त्याच्या पैशात दोन बायांची दिवसाची मजुरी निघाली असती. भुऱ्याच्या अंगाला त्यांचा हात काही लागला नाही. शाम्पूनं तो दोन दिवस गुलाबासारखा घमघमला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडायला लागला.

औषधाच्या दुकानदाराचा सल्ला तर फुकट होता. "कपाशीवर मारता ना, तेच थोडं पातळ करून पंपानं मारा. कुत्र्यावर बी आन घरात बी." हे त्यानं आमच्या जिल्ह्यात सांगावं! 2017 च्या फवारणीत इथं वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ते आठवूनच आमच्या ह्यांनी पंप खुंटीवरून काढला नाही. बाकी रॉकेल चोळा, तंबाखूचं पाणी टाका, रानात सोडून या, असं सांगणारे तर दारावर रोज एक होते.

पण मॅडम, पिसवांपेक्षा जिव्हारी काय लागलं ते सांगते. आमच्या घरी येणं लोकांनी बंद केलं. कुणीतरी पिलेगाचं, म्हणजे प्लेगच्या साथीचं, नाव काढलं. गाव सोडून वावरात झोपड्या घालून राहायचे, त्या वेळच्या गोष्टी सासूबाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या. त्यांची तर झोपच उडाली. बाया आवारातूनच बोलायच्या. एखादी ओसरीवर टेकली तरी उठताना आमच्या डोळ्यांदेखत लुगडं खालपासून वरपर्यंत झटकायची. हक्काच्या माणसांनी सुद्धा झटकलं. सासूबाई कुणी उठायला लागलं की आत निघून जायच्या. ते झटकणं बघायचं नाही म्हणून.

तुम्ही आला होतात गाईसाठी. भुऱ्याशी तुमचा काही संबंध नव्हता. गोठ्यातून हात धुवायला ओसरीवर आलात आणि त्याला खाजवताना पाहून थबकलात. मग जे केलंत ते माझी लेक अजून शाळेत सांगते. आमच्याच ढिगातला कापूस मूठभर घेतलात, माठातल्या पाण्यात भिजवलात, आणि भुऱ्याच्या केसांतली ती मिरीच्या भुकटीसारखी काळी घाण त्याच्यावर झटकलीत. पांढऱ्या कापसावर काळे ठिपके. बघता बघता प्रत्येक ठिपक्याभोवती तांबूस ओल पसरत गेली. "रक्त हाय हे," तुम्ही म्हणालात, "भुऱ्याचंच. पिसू पिते आन अशी टाकते." इतके दिवस कापसाला दोष देणाऱ्यांना कापसानंच खोटं पाडलं.

आणि मग तुम्ही खाली बसलात. खुर्ची आणायला मी आत वळले होते, तोवर तुम्ही भुऱ्याच्या गोणपाटावरच मांडी घातली होती. त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानामागं, पोटाखाली बघत होतात. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "वो बाई, तिथं नोका बसू, अंगावर येतीन." तुम्ही म्हणालात, "येऊ द्या जी. चहा ठेवा." तिथंच बसून चहा घेतलात. शेपूट उचलून पाहिलंत, काकडीच्या बियांसारखे बारके पांढरे तुकडे दाखवलेत. पिसू चावून गिळली की तिच्यातून हा पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातो, म्हणून जंताचं औषधही लागेल म्हणालात. सासूबाईंना सांगितलंत की पिलेगाची साथ उंदरांची आणि उंदरांवरच्या पिसवांची, ही कुत्र्या-मांजरांवरची पिसू वेगळ्या जातीची. त्या रात्री त्या किती दिवसांनी घोरल्या.

मग उठलात. सासूबाई सवयीनं आत जायला वळल्या. तुम्ही कुर्त्याला हातसुद्धा लावला नाही. चप्पल घातली, सासूबाईंना "येते आई" म्हटलंत, गाडीला किक मारलीत आणि गेलात. झटकलं नाही. पुढच्या वळणावर गाडी थांबवून झटकलं असेल, झटकायलाच पाहिजे, घरी तुमचीही लेकरं असतील. पण आमच्यासमोर नाही झटकलंत. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, मला म्हणाल्या, "झटकलं नाही वं थ्या बाईनं." औषधाचं कुणाला काय सांगायचं ते मी सांगते, त्या मात्र येईल-जाईल त्याला एवढंच सांगतात.

उपाय तुम्ही सांगितलात तसाच केला, त्याचा पाढा इथं वाचत नाही. पण एक गोष्ट आधी कुणीच बोललं नव्हतं. कुत्र्यावर दिसतात त्या पिसवा म्हणजे थोड्याच, खरा कारभार घरात. एकेक मादी दिवसाला तीस-चाळीस अंडी घालते, ती केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथं लोळेल तिथं गळतात. अळ्या उजेड टाळून जमिनीच्या भेगांत, कापसाच्या बुडाशी, गोणपाटाखाली जातात. म्हणून नुसत्या कुत्र्याला धुऊन भागत नाही. मी घाबरतच विचारलं, कापूस विकावा लागेल का? भाव काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. "विकू नका, जिथं हा झोपत होता तेवढा थर काढून उन्हात घाला," म्हणालात. तेवढ्यानं ह्यांच्या जिवात जीव आला. भेगा लिंपून सारवण झालं, केर रोज जाळला, वाकळा उकळत्या पाण्यातून काढल्या.

मानेवर टाकायच्या थेंबांच्या डबीवर फिप्रोनिल वाचून हे म्हणाले, "हे तं आपल्या फवारणीच्या डब्यावर बी असते. तेच टाकलं तं?" तुम्ही हसला नाहीत, ओरडलाही नाहीत. नाव एक असलं तरी त्याची ताकद आणि त्यात मिसळलेलं बाकीचं वेगळं, शेतातलं अंगावर टाकलं तर कुत्रा जाईल, हे दोनदा समजावलंत. मांजरीचंही तुम्हीच आठवणीनं काढलंत. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजरीला ते विष आहे, तेव्हा तिच्यासाठी विचारल्याशिवाय काही आणू नका, म्हणालात.

आणि जाता जाता म्हणालात, "दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दिसतीन. घाबरू नका, औषध फेल झालं असं समजू नका. कोषात दडलेल्या असतात, त्याच्यावर औषध चालत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की निघतात." अगदी तस्सं झालं. पुन्हा टणाटण उड्या सुरू झाल्या तेव्हा ह्यांचा हात पंपाकडं गेलाच होता. सासूबाई कडाडल्या, "बाईनं सांगतलं व्हतं ना!" पंप खुंटीवरच राहिला. महिन्यानं दुसरे थेंब टाकले, आणि आता पोरीचे घोटे स्वच्छ आहेत.

मॅडम, लम्पीच्या साथीत तुमच्या खात्याची माणसं गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरली, तेव्हाही कुणी चहा विचारला असेल-नसेल. आमच्याकडं शिकलेल्या माणसाला मान फार आहे, पण तो मान घेऊन माणूस खाली बसतो असं क्वचित दिसतं. एस्टीचा एखादा कंडक्टर म्हातारीसाठी गाडी थांबवतो, आशाताई रात्री दोन वाजता फोन उचलतात. असल्या माणसांवर गावं चालतात आणि त्यांचं नाव कुठल्या फलकावर नसतं. शाम्पूवाल्या डॉक्टरांचं मात्र चौकात मोठं बॅनर आहे, वाढदिवसाचं.

तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. या रस्त्यानं येणं झालं तर निदान तासभर हाताशी ठेवून या, सोल्याची भाजी आणि भाकर खाल्ल्याशिवाय सासूबाई सोडणार नाहीत. आणि येताना भुऱ्याच्या जंताच्या औषधाचा पुढचा डोस कधी द्यायचा तेवढं सांगा, तुम्ही लिहून दिलेला कागद गाईनं खाल्ला.

आपली,
भुऱ्याच्या घरची सून