बेल वाजवायला कायद्याची ना नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवऱ्याने बायकोला मारल्याची, क्वचित तिचा जीव गेल्याची बातमी छापून येते तेव्हा तिच्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे कारण. चारित्र्याचा संशय, जेवण वेळेवर न वाढणे, सासूला उलट बोलणे, न सांगता माहेरी जाणे. दुसरी गोष्ट बातमीच्या शेपटाला असते, ती म्हणजे शेजाऱ्यांचे म्हणणे: 'त्यांची रोजचीच भांडणे होती.' मला लिहायचे आहे ते या शेजाऱ्यांबद्दल. भांडणे रोजची होती हे त्यांना ठाऊक होते, म्हणजे ती रोज ऐकू येत होती.

आधी कारणांचे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्री-पुरुषांपुढे सात प्रसंग ठेवले होते. बायको न सांगता बाहेर गेली, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष केले, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्या वागण्याचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यांपैकी कशासाठी नवऱ्याने हात उगारणे योग्य आहे का? देशभरात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका प्रसंगाला 'हो' म्हटले. महाराष्ट्रातल्या स्त्रियांतही हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपासच आहे, तेव्हा हा प्रश्न मागास राज्यांचा म्हणून हात झटकायला आपल्याला जागा नाही. सर्वांत जास्त पसंती कशाला मिळाली? सासू-सासऱ्यांचा मान न ठेवण्याला.

बायकाच 'हो' म्हणतात याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. 'पदरी पडलं पवित्र झालं' हे ऐकत वाढलेल्या मुलीने दुसरे काय म्हणावे? तिने कोणाला सांगितले तरी पहिला प्रश्न येतो, 'तू काही बोललीस का त्याला?' त्याच सर्वेक्षणात मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. म्हणूनच 'ती स्वतः पुढे आली तर आम्ही मदत करू' हे आपले नेहमीचे पालुपद मला पटत नाही. ती पुढे येणार नाही, हे आकडेच सांगत आहेत. भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र सगळे ऐकू येत असते.

या माणसाला कायद्याने जागा दिलेली आहे, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचे कलम ४ सांगते की असा हिंसाचार झाला आहे, चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानायला ज्याच्याकडे कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. ती नात्यातली असण्याची गरज नाही. माहिती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. 'उद्या तोच माझ्यावर केस करेल' ही भीती घालणारे लोक हे कलम बहुधा वाचत नाहीत.

दुसरी भीती असते 'एका फोनने बिचाऱ्याचा संसार मोडेल, तो तुरुंगात जाईल' ही. इथे दोन कायद्यांची गल्लत होते. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचे दंड संहितेतले पूर्वीचे कलम ४९८-अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ झाले, ते फौजदारी आहे. तिथेही सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. २००५चा कायदा मुख्यतः बाईला मार थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा मिळवून देतो. नवऱ्यावर शिक्षेची वेळ येते ती संरक्षणाचा आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर असले म्हणून सुनेला बाहेर काढता येते, असा समज बरीच वर्षे होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या आहुजा निकालाने तोही दूर केला. अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

मी डोंबिवलीत एका सोसायटीचा काही वर्षे सचिव होतो. पार्किंग, गळती, कुत्र्याने जिन्यात केलेली घाण, यांवर आमच्या सभा तास-तास चालल्या. एका घरातून येणाऱ्या आवाजांचा विषय निघाला की मात्र 'त्यांचा घरचा मामला आहे' म्हणून सगळे चहाकडे वळायचे. शेवटी मजल्यावरच्या चार घरांनी आपापसांत ठरवले की ज्याला आवाज येईल त्याने त्यांची बेल वाजवायची. जाब विचारायचा नाही. शिडी मागायची, मेंटेनन्सची पावती द्यायची, पाणी आले का विचारायचे. ब्रेकथ्रू या संस्थेने २००८ साली 'बेल बजाओ' मोहिमेतून नेमके हेच सुचवले होते. मारहाण त्या वेळेपुरती थांबायची. कायमची थांबली असे मी म्हणणार नाही, आणि त्या बाईने पुढे काय केले ते तिचे खासगी आहे. पण एक पथ्य आम्ही पाळले, तेही सांगतो: नवऱ्यादेखत तिला 'काय झाले' असे विचारायचे नाही, कारण त्याचा राग दार लावल्यावर तिच्यावरच निघतो. ती एकटी भेटेल तेव्हा विचारायचे, आणि तक्रार करायची की नाही ते तिने ठरवायचे. जीव धोक्यात दिसला तर मात्र विचारत बसू नये, ११२ लावावा.

बहुतेकदा आपण मधे पडतो ते समेट घडवायला. बाईला नांदायला परत पाठवली की भांडण मिटले, असे धरून चालतो. गावातले तंटे गावातच मिटवण्यासाठी २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू चांगला होता, पण मिटलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस मिळणार असेल तर मार खाणारीलाच समजावण्याचा मोह गावच्या तंटामुक्ती समितीला होणार, असे मला तेव्हाही वाटत होते. मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात आणि बाईला काय हवे ते आधी विचारतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००पासून चालणारे 'दिलासा' केंद्रही याच वाटेने जाते. 'बाथरूममध्ये घसरले' म्हणून जखम दाखवायला आलेल्या बाईला परिचारिकेने चार प्रश्न जास्त विचारावेत, हे तिथे शिकवले जाते.

पुरुषांनी पुरुषांशी बोलावे, हा मुद्दाही महाराष्ट्राला नवा नाही. बायकांना मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात १९९१ साली मुंबईत वर्तमानपत्रातच आली होती. तिला प्रतिसाद देणाऱ्यांतून १९९३ साली 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी काय होऊ शकते, हे मी आपल्याला सांगायला नको.

म्हणून दोन विनंत्या आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या बातमीच्या मथळ्यात 'जेवण न दिल्याने' किंवा 'संशयावरून' असे कारण देऊ नये. तपासात निघालेली माहिती हवी तर आत सविस्तर द्यावी. आणि आत्महत्येच्या बातमीखाली अनेक वर्तमानपत्रे मदतीचा क्रमांक देतात, तशी प्रत्येक अशा बातमीखाली एक लहान चौकट असावी. महिला हेल्पलाइन १८१, पोलिस ११२, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाचा क्रमांक, आणि कलम ४ मधली ती तरतूद साध्या मराठीत. ही चौकट मी कापून आमच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावीन. त्याने सोसायटीची बदनामी होईल, असे एका सभासदाने आत्ताच कळवले आहे. त्यांच्याशी पुढच्या सर्वसाधारण सभेत बोलूच.

आपला,
एक वाचक, डोंबिवली
(त्या कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)