एकादशीच्या दिवशी भाला घेऊन

ऑकलंड,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, याबद्दल आधी क्षमा मागतो. गेल्या शनिवारी, म्हणजे ८ तारखेला, असे काही घडले की ते तुलाच सांगावे असे वाटले, कारण मासे आणि चुका या दोन्ही बाबतींत मला तुझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. त्या दिवशी माघातली एकादशी होती, हे मला घरी परतल्यावर बायकोने सांगितले. माझ्या आईची गाठ पडली तर तेवढे मात्र बोलू नकोस.

आम्ही चौघे दुपारी एकच्या सुमारास होडी घेऊन हाउराकी आखातात निघालो. होडी माझ्या शेजाऱ्याची. तो माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आहे, वयाने आपल्याहून दहा वर्षांनी मोठा आहे आणि लहानपणापासून याच पाण्यात बुड्या मारत आला आहे. तिसरा आमच्या ऑफिसातला दक्षिण आफ्रिकेचा एक तरुण, आणि चौथा पक्का शाकाहारी पुणेकर, ज्याला आम्ही मुद्दाम नेतो. तिघे पाण्यात असताना एकाने होडीवर थांबून पाण्यावर डोळा ठेवावाच लागतो, आणि माशांचा मोह नसलेला माणूस त्या कामाला उत्तम. ऑकलंडच्या ईशान्येला नॉइजेस नावाचा लहान, खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, त्याच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला आणि निळा-पांढरा बावटा चढवला. असा बावटा दिसला की दोनशे मीटरच्या आत कोणत्याही होडीने पाच नॉटपेक्षा अधिक वेगाने जायचे नाही, असा इथला नियम आहे.

आपण किल्ल्यामागच्या खडकांवर बुड्या मारायचो तेव्हा आपल्याकडे एक फुटका चष्मा आणि दोघांत मिळून शून्य अक्कल होती, हे तुला आठवत असेल. इथे वेटसूट, लांब फिन्स, कमरेला शिशाचा पट्टा, रबरी पट्ट्या ताणून भाला सोडायची बंदूक आणि तिच्या दोरीला बांधलेला तरंगता बोया, एवढा संसार अंगावर असतो. श्वास मात्र तोच, वर घेतलेला एकच. शेजाऱ्याचा एक नियम तो कोणासाठीही मोडत नाही: एक खाली, एक वर. वर आलेल्या माणसाकडेही अर्धा मिनिट टक लावून पाहायचे, कारण शुद्ध हरपते ती बहुधा तळाशी नव्हे, तर वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा डोके बाहेर आल्यावर. खाली असताना पाण्याच्या दाबामुळे फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायू शरीराला पुरेसा वाटतो. वर येताना दाब घटतो आणि तोच साठा एकाएकी अपुरा पडतो. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेण्याची आपली जुनी युक्ती तर निव्वळ घातकी होती. तिने प्राणवायू फारसा वाढत नाही, केवळ कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा मिळते. आपण दोघे वाचलो कसे, याचे मला आता आश्चर्य वाटते.

सहा-सात मीटर खोलीवर पहिल्यांदा जे दिसले ते मन खट्टू करणारे होते. जिथे तपकिरी केल्पचे, म्हणजे लांब पात्यांच्या समुद्री शेवाळाचे, रान डुलायला हवे तिथे खडक अक्षरशः तासल्यासारखा उघडा पडला होता आणि त्यावर किना, म्हणजे इथले काटेरी समुद्री प्राणी, हातभर अंतराने चिकटून बसले होते. किनांना खाणारे मोठे स्नॅपर मासे आणि शेवंडे माणसाने उपसून काढले, मग किना वाढले आणि त्यांनी केल्प फस्त केले, असा हा हिशेब आहे. उत्तरेला ली गावाजवळ १९७५ साली न्यूझीलंडमधले पहिले सागरी अभयारण्य झाले, तिथे मासेमारी बंद झाल्यावर स्नॅपर आणि शेवंडे वाढले, किना घटले आणि केल्प परत आले. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे इथे भाला हातात धरून फिरताना थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही मी गेलो, हे लपवत नाही.

स्नॅपर हा आपल्या तांबोशीसारखा गुलाबी दिसतो, पण त्याचे कूळ वेगळे. (तसेच इथले किंगफिश म्हणजे आपली सुरमई नव्हे; दुकानात पहिल्या महिन्यात मी या नावापायी फसलो होतो.) तो विलक्षण बुजरा असतो. शेजाऱ्याने दोन किना फोडून एका घळीत टाकले आणि मला खडकाआड पालथे पडून राहायला सांगितले. आधी बारीकसारीक मासे घोंगावत आले. तिसऱ्या बुडीला, छातीत पहिली उचकी येण्याच्या बेतात, उजवीकडच्या केल्पच्या कडेने एक गुलाबी पाठ सरकली. पाठीवर निळे ठिपके इतके स्पष्ट होते की मोजता आले असते. तो वळला, त्याची कूस समोर आली आणि मी घोडा दाबला.

आता खरी गोष्ट. वर आणून होडीवरच्या पट्टीवर ठेवला, तर तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत तो साडेसत्तावीस सेंटिमीटर भरला. इथे स्नॅपरची किमान लांबी तीस सेंटिमीटर आणि दिवसाला माणशी सात मासे, असा नियम आहे. पाण्यात मास्कमधून प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, हे मला तोंडपाठ होते; पण हव्यासाने तो हिशेब केला नाही आणि मला तो चांगला छत्तीसचा वाटला. गरीला लागलेला लहान मासा सोडून देता येतो. तुझे बाबा पाग, म्हणजे ते फेकायचे जाळे, झाडताना पिल्ले आधी ओंजळीने पाण्यात टाकायचे, मग उरलेल्याकडे पाहायचे. भाल्याला ती सोय नाही. जे ठरवायचे ते घोडा दाबण्यापूर्वीच. नियमाप्रमाणे लहान मासा मेलेला असला तरी समुद्रातच टाकावा लागतो, म्हणून मी तो टाकला. पांढरे पोट वर करून तो हळूहळू वाहत गेला आणि गल जातीच्या एका मोठ्या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्याने त्याच्यावर झडप घातली.

पुणेकर काही बोलला नाही, हे त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध होते. शेजारी म्हणाला की पहिला मासा त्यांच्या रिवाजानुसार समुद्रदेव तांगारोआला परत द्यायचाच असतो, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नकोस. त्याने ते मायेने म्हटले. पण नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नासका नारळ देत नाही, त्यामुळे माझे समाधान झाले नाही. उरलेल्या दोन तासांत मी बंदूक होडीत ठेवली आणि इतरांवर पहारा केला. त्या दोघांनी मिळून चार स्नॅपर आणले, सगळे चाळीसच्या पुढचे. प्रत्येक मासा बोयाजवळ येताच मेंदूत टोचा मारून क्षणात शांत करायचा, अशी त्यांची पद्धत आहे. त्याने माशाची तडफड वाचते आणि मांसही ताजे राहते.

परतताना शेजाऱ्याने दोन डोकी मला दिली, कारण ती टाकणे त्याला पाप वाटते आणि मलाही. बायकोने द्वादशीला तिरफळे घालून त्यांचे सार केले. मी जेवलो, चवीने जेवलो, हेही कबूल करतो.

रविवारी मी प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यातून सत्तावीस, तीस आणि तेहतीस सेंटिमीटरचे तीन मासे कापले. रोज संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावात मुलगी त्यांतला एकेक तळाशी ठेवते, मी मास्क लावून लांबून लांबी सांगतो आणि ती वहीत लिहिते. कालपर्यंत वीसपैकी अकरा बरोबर आले. अठरा येईपर्यंत बंदूक गॅरेजात राहील, असे मी तिला कबूल केले आहे, आणि ती परीक्षक म्हणून तुझ्या बाबांइतकीच कडक आहे.

बाबांना साष्टांग नमस्कार सांग आणि पागात आलेल्या पिल्लांची लांबी ते नुसत्या नजरेने कशी ओळखायचे, ते एकदा विचारून कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच
मित्र