गरिबाघरच्या मुलांची भाषा आणि अंगणवाडीचा वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की पहिलीच्या वर्गशिक्षकांकडून दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांना भाषाच नसते, घरी त्यांच्याशी कोणी बोलतच नाही.’ बीड जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे ही मुले मी जवळून पाहिली आहेत, आणि या तक्रारीत त्यांच्यावर व त्यांच्या आईबापांवर मोठा अन्याय होतो असे माझे ठाम मत आहे.

या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून बेटी हार्ट आणि टॉड रिझली या अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासाचा दाखला प्रशिक्षणांतून दिला जातो. कॅन्सस सिटीतील ४२ कुटुंबांच्या घरी दरमहा तासभर जाऊन, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत, त्यांनी घरातले बोलणे नोंदवले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या मुलांना तासाला सरासरी २,१५३ शब्द ऐकायला मिळत, तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांना ६१६. त्यावरून हिशेब मांडून, चार वर्षांच्या वयापर्यंत ही तफावत ३ कोटी शब्दांची होते असे सांगितले गेले आणि हा आकडा जगभर पोहोचला. मात्र मदतीवर जगणारी कुटुंबे त्या अभ्यासात अवघी ६ होती, हे सहसा कोणी सांगत नाही. शिवाय शिकलेले परके माणूस यंत्र घेऊन घरात बसलेले असताना गरिबाघरची आई कितपत मोकळेपणी बोलेल, हे आपल्याकडे गृहभेटी केलेल्या कोणत्याही सेविकेला वेगळे सांगावे लागणार नाही. पुढे २०१८ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतीलच पाच समुदायांतील मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तशी दरी दिसली नाही. आईखेरीज भावंडे, आजी आणि शेजारीपाजारी यांचे बोलणे हिशेबात धरल्यावर तर चित्र आणखी बदलले.

म्हणून गरिबीचा भाषेवर परिणामच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अॅन फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये असे आढळले की दोन वर्षांच्या वयात संपन्न आणि गरीब घरांतील मुलांच्या भाषेच्या आकलनात सुमारे सहा महिन्यांचे अंतर पडलेले असते. बॉस्टन परिसरातील चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून तर फार महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मुलाच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा, मूल बोलले, मोठ्याने उत्तर दिले, मुलाने पुन्हा काही विचारले, अशा देवाणघेवाणीचा संबंध मेंदूतील भाषेच्या भागाच्या कामाशी अधिक होता, आणि तो आईवडिलांच्या उत्पन्नावर व शिक्षणावर अवलंबून नव्हता.

अशी देवाणघेवाण होण्यासाठी ज्याचे हात आणि मन थोडा वेळ तरी मोकळे आहे असे मोठे माणूस लागते, आणि कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या घरात नेमके तेच नसते. दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेले जोडपे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाबरोबर निघते ते उन्हाळा लागल्यावर परतते. दिवस फडात जातो, गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावे लागते, आणि तान्हे मूल बांधावर किंवा कोपीत (पाचटाच्या तात्पुरत्या झोपडीत) सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. ती बहीण त्याच्याशी दिवसभर बोलत असते, पण तिची स्वतःची शाळाही त्यापायी सुटलेली असते.

एका अंगणवाडीत अशाच घरातली चार वर्षांची एक मुलगी तक्त्यावरच्या शहामृगाकडे आणि जहाजाकडे बघत गप्प बसे, आणि तिच्या नावापुढे ‘बोलत नाही’ असा शेरा पडला होता. सेविकेने एकदा तिला उसाची मोळी कशी बांधतात एवढेच विचारले. वाढ्यांचा बंध कसा पिळायचा, मोळी डोक्यावर कशी घ्यायची, पाचट पायाला कसे कापते, बैल कधी बिथरतो, हे सगळे तिने आधी-मग लावून, हातवारे करत, एका दमात सांगितले. त्या वयाच्या मुलाकडून आपण ज्या भाषेची अपेक्षा करतो ती सारी तिच्या त्या सांगण्यात होती.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर, वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले, पण अंगणात बसून मुलांशी बोलण्याला लागणारा वेळ मागे पडला. आजची सेविका वजन-उंची घेते, आहार वाटते, गरोदर मातांच्या नोंदी ठेवते आणि उरलेला वेळ मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती भरते. तिच्या मानधनात आणि दिवसात पूर्वप्राथमिक शिक्षणाला नेमकी किती जागा आहे, हे अधिकाऱ्यांनी एक दिवस तिच्याबरोबर बसून पाहावे.

महिला व बालविकास विभागाला माझी विनंती आहे की अंगणवाडीच्या वेळेतील रोजचा एक तास फक्त मुलांशी बोलण्यासाठी राखून ठेवावा, त्या तासात कोणतीही माहिती मागवू नये, आणि मुलांच्या घरच्या बोलीला तिथे पूर्ण मोकळीक असावी. यंदाच्या गळीत हंगामापूर्वी साखर कारखान्यांच्या परिसरात मजुरांच्या तळांवरच तात्पुरत्या अंगणवाड्या सुरू कराव्यात, आणि गावाकडे पटावर असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद तो तळ ज्या तालुक्यात आहे तिथल्या प्रकल्प कार्यालयाकडे टोळी निघण्याआधी पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, जि. बीड